भरीचा भिडू

त्यानं वल्हं पाण्याबाहेर काढलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि वाट पाहत बसला. झालं ते एवढंच. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर धुक्यातलं तळं, तळ्यात एक नाव, नावेत दोन माणसं. पुढच्याचं वल्हं लव्हाळ्यात अडकलेलं आणि मागचा शांतपणे थांबलेला. हा कीस्की होता. माझा कीस्की. दोन वर्षं मी रोज सकाळी ज्याच्याबरोबर जाळं टाकत आलो, तो. बसण्याची तीच तऱ्हा, थांबण्याची तीच तऱ्हा, घाई कशाशी खातात हे जन्मात ठाऊक नसल्यासारखी. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून अर्धवट उठलोच. मुलाखतीला आलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला अजिबात शोभणार नाही असा आनंद. परगावच्या स्टेशनावर अचानक शेजारचा माणूस दिसावा तसं वाटलं. आणि तेवढ्यात माझ्या बाजूला बसलेला ओत्सो, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "हा आपला भरीचा भिडू. माणूस नाहीये हा. कोड आहे."

"असं का," मी म्हटलं.

आमच्या फिनलंडात घराला आग लागली तरी माणूस आधी "असं का" म्हणतो. मी परत नीट खुर्चीत बसलो. टेबलाच्या पलीकडे व्हेन्ला बसली होती. ह्या तुकडीची ती प्रमुख, तिशीची, केस वर बांधून त्यात पेन्सिल खुपसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे समजलं, पुढे चला. समजलं काहीच नव्हतं. कानात आपला आवाज आपल्यालाच मोठा ऐकू यावा तसं काहीतरी व्हायला लागलं होतं, आणि ओत्सो पुढे बोलतच होता. त्यांच्या 'उस्वा', म्हणजे धुकं, ह्या खेळाबद्दल. त्याला काय ठाऊक, की मला त्या तळ्यातलं प्रत्येक बेट पाठ आहे. दोघांनी एका नावेत बसायचं, वल्हवायचं, जाळं टाकायचं, मासे पलीकडच्या धक्क्यावर पोचवायचे. मारामारी नाही, शर्यत नाही. लिहायला एक छोटी चौकट आहे, नावेला एक घंटा आहे. "पण प्रत्येकाला जोडीदार लगेच मिळतो असं नाही ना," ओत्सो म्हणाला. "एकट्याला नावेत बसवलं की तो दुसऱ्या मिनिटाला खेळ बंद करतो. म्हणून रिकाम्या जागी आपण आपला गडी बसवायचा. आणि एकदा बसवला की तोच ठेवायचा. तेच नाव, तीच टोपी. लोकांना सवय लागते."

सवय. हा शब्द त्यानं इतका सहज टाकला की मला त्याचा रागही आला नाही.

सकाळी केरावाहून निघालो तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं, की ही नोकरी मिळवायचीच. बँकेच्या संगणकखात्यात मी उभं आयुष्य काढलं. तिथं आमचं अख्खं खातंच गुंडाळलं, त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली. पैशांचं कसंबसं भागत होतं. एकट्या माणसाला लागतं किती? राईचा पाव, बटाटे, कॉफी. माझी अडचण निराळीच होती. घरात दिवसच्या दिवस माझा आवाज निघत नसे. एकदा दुकानात पिशवी हवी का विचारलं तर घशातून नुसती खरखर आली आणि ती मुलगी दचकली. त्या दिवशी मी घाबरलो. मला नोकरी हवी होती ती कोणीतरी "भांड्यात कॉफी उरलीय का रे?" असं विचारावं म्हणून. ती कुठेही चालली असती, पण बोलावणं आलं ते ह्यांचंच. आणि ते आलं तेव्हा मला वाटलं होतं, की कीस्कीला हे सांगायला हवं. चौकटीत लिहावं, ज्या नावेत आपण बसतो ती बनवणाऱ्यांनी बोलावलंय मला. मग वाटलं, आधी मिळू दे तर खरी. उगाच बढाया कशाला.

इथं आलो तर दारातच बूट काढायचे. ते ठीक, घरातही काढतोच. पण कचेरीत सगळे लोकरीचे मोजे घालून वावरतात, पाय वर घेऊन बसतात, हे बँकेतल्या माणसाला जरा अवघड जातं. माझे मोजे नवेकोरे होते आणि उजव्याच्या तळव्याला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. ते मला गुळगुळीत लाकडी फरशीवर पहिलं पाऊल टाकल्यावर कळलं, कारण मी घसरलो. व्हेन्लानं दंडाला धरून सावरलं. "इथं सगळेच पहिल्या दिवशी घसरतात," ती म्हणाली. आमच्यात लहानथोर सगळ्यांना अरेतुरेच चालतं, त्यामुळे तिचं "तार्मो, तू आधी कॉफी घे बघू" मला मुळीच खटकलं नाही. उलट इतकं बरं वाटलं की मी कप दोन्ही हातांत धरून बसलो. कोणीतरी मला नावानं हाक मारून कॉफी घे म्हटलं होतं. एवढ्यावर माणसानं हुरळून जाऊ नये हे मला कळतं. पण हुरळलो, आता काय करणार.

"खेळला आहेस का कधी 'उस्वा'?" ओत्सोनं तेव्हा विचारलं होतं. मी "थोडाफार" म्हटलं होतं.

माझे वडील आणि शेजारचे वैनो हिवाळ्यात तळ्यावर जाऊन बसत. बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा, उलट्या डब्यावर बसायचं. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जाई. सकाळपासून दुपार कलेपर्यंत ते दोघं एक शब्द बोलत नसत. मधेच वडील थर्मासचं झाकण भरून वैनोंपुढे धरत, वैनो पिऊन झाकण परत देत. काही दिसलं, पक्षी, कोल्ह्याची पावलं, तर नुसती हनुवटी तिकडे करायची. घरी निघताना वैनो म्हणत, "बरं झालं." वडील म्हणत, "हो ना." संपलं. आई कधी विचारी, "काय बोलत बसता रे इतका वेळ?" वडील म्हणत, "कुठं काय, मजेत बसलो होतो." वैनो गेले त्या हिवाळ्यात वडलांनी बर्फ फोडायची पहार भिंतीवरून काढलीच नाही. कोणी त्याबद्दल विचारलं नाही, तेही बोलले नाहीत. मी मैत्री शिकलो ती ह्या दोघांकडून, दुसरीकडे कुठं शिकणार? त्यामुळे कीस्की जेव्हा दिवसच्या दिवस, महिनोन्महिने एक अक्षर बोलला नाही, तेव्हा मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही. मला वाटलं, वा, चांगल्या घरचा माणूस आहे.

मी त्याचं सगळं आयुष्य ठरवून टाकलं होतं. कीस्की वर उत्तरेचा, कायानीकडचा असणार. ट्रक चालवत असणार, आता गुडघ्यानं दगा दिलाय म्हणून घरी. कारण सकाळी न्याहारीनंतर, कामाची माणसं कामाला गेल्यावर, मी यायचो तेव्हा तो आधीच हजर असे. घरी बसलेल्याची वेळ घरी बसलेल्यालाच कळते. कुत्रा असणार, म्हातारं. बायको असेल-नसेल, पण नसावी. माझं वल्हं अडकलं की तो थांबे, आणि त्या थांबण्यात मला समजूतदारपणा दिसे. जाळं रिकामं आलं की तो परत टाकण्याआधी एक श्वासभर थबके. मी म्हणे, बघा, ह्यालाही वाईट वाटतं पण बोलून दाखवत नाही. एकदा नाताळच्या दिवशी मला राहवलं नाही, मी चौकटीत लिहिलं, "नाताळच्या शुभेच्छा." त्यानं थोडा वेळ घेतला आणि घंटा एकदाच वाजवली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो नंतर. बाहेर कोणी नव्हतं. पण मला भरल्या घरात असल्यासारखं वाटत होतं. मुलीनं, रिक्कानं, संध्याकाळी फोन केला, "बाबा, एकटाच आहेस ना रे?" तेव्हा मी फुशारकीनं सांगितलं, "एक मित्र आहे की. ट्रक चालवायचा." ती म्हणाली, "अय्या, छान! त्याला जेवायला बोलव ना कधीतरी." मी म्हटलं, "लांब राहतो."

"...त्यात थोडी गडबड आहे," ओत्सो सांगत होता. मी काहीतरी चुकवलं होतं. "तो फार सोशीक झालाय. बाहेरच्या देशांतून सारख्या तक्रारी येतात. स्पॅनिश लोक त्याला नाव विचारतात, गाव विचारतात, आई कशी आहे विचारतात, आणि हा उत्तर देत नाही म्हटल्यावर अशा शिव्या घालतात, वाचशील तर! जर्मन लोक चक्क मुद्देसूद पत्र पाठवतात, की आपला खेळाडू सजीव नसल्याचा आम्हांस संशय आहे."

"आणि इथून?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

ओत्सो आणि व्हेन्लानं एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांना एकदम हसू फुटलं. ओत्सो तर मोज्यातले पाय जमिनीवर आपटायला लागला. "इथून एकही नाही!" तो म्हणाला. "अख्ख्या फिनलंडातून एकसुद्धा तक्रार नाही, इतक्या वर्षांत! उलट गुण देताना सगळ्यात वरचे गुण. एकानं काय लिहिलंय माहितेय? 'जोडीदार उत्तम. नीट वागतो.' "

"अरे पण आपलीच माणसं ती," व्हेन्ला डोळे पुसत म्हणाली. "माझे काका असते तर त्यांनी त्याला वाढदिवसाला बोलावलं असतं."

मीही हसलो. ह्या सगळ्या दिवसातलं सगळ्यात वाईट काय असेल तर ते हे, की मी त्यांच्याबरोबर हसलो, आणि बराच वेळ हसलो. ते वाक्य माझं नव्हतं. मी असं काही लिहिलेलं नाही. पण लिहू शकलो असतो, शब्दाला शब्द. म्हणजे असा आणखी एक कोणीतरी कुठेतरी बसलेला आहे, खिडकीशी टेबल ओढून. एकच का, कितीतरी. सकाळी न्याहारीनंतर त्या तळ्यावर धुक्यात किती नावा असतात ते मला ठाऊक होतं. कंदिलांचे ठिपके दिसतात लांबलांब. मी समजत होतो की प्रत्येक ठिपक्याखाली दोन माणसं आहेत.

काम त्यांनी दिलं ते सोपं होतं. भरीच्या भिडूला कंटाळा आला पाहिजे. माणूस जसा कधीतरी वैतागतो आणि उठून जातो, तसं यानंही कधीतरी जावं, म्हणजे तो खरा वाटेल. कधी जाईल, कसा जाईल ते मी ठरवायचं आणि त्यांच्यासमोर लिहून दाखवायचं. "आणि मोठ्यानं विचार कर हं," व्हेन्ला म्हणाली. "डोक्यात काय चाललंय ते बोलत बोलत लिही. आम्हाला उत्तरापेक्षा तेच ऐकायचं असतं." ही ह्या धंद्यातली रीत आहे, मला माहीत होती. घरी मी आरशासमोर सरावही केला होता. पण आपल्या एकुलत्या एका दोस्ताला आपल्याला सोडून जायला शिकवायचं, आणि तेही मोठ्यानं बोलत, असा सराव कोणी कशाला करेल?

मी लॅपटॉप जवळ ओढला. त्याच्या आत काय आहे ते बघितलं. थबकण्याचा तो एक श्वास तिथं होता, दोन आकड्यांच्या मधला कुठलातरी आकडा, दर वेळी नवा काढलेला. नाताळची घंटाही होती. कोणी काहीही लिहिलं तर थोडा वेळ घ्यावा आणि घंटा एकदा वाजवावी. शिवी दिली तरी तीच घंटा. मी ते वाचलं, आणि माणूस मेल्यावर त्याच्या कपाटातले कपडे आवरताना होतं तसं झालं. आत कोणी नव्हतं. मी वर-खाली करून पुन्हा पाहिलं, उगाच.

"बोल की," ओत्सो म्हणाला.

"माणूस चिडून जात नाही," मी म्हटलं. आवाज खरखरीत निघाला, खाकरलो. "चिडलेला माणूस थांबतो. भांडतो. वल्हं आपटतो. जाणारा माणूस वेगळा असतो. तो आधी थोडा उशिरा यायला लागतो. फार नाही, आपल्या लक्षात येईल न येईल इतकाच. मग वल्हवताना त्याची लय चुकायला लागते. चुकली की तो आपणहून सावरतो, तक्रार करत नाही. उलट जास्तच नीट वागतो. आपल्याला वाटतं, हल्ली बरं चाललंय." बोटं चालत होती, आणि मी बोलत होतो, आणि मला मेर्या दिसत होती. माझी बायको. शेवटच्या वर्षात ती एकदाही रागावली नव्हती. कप विसळून पालथे घालायची, माझाही. मी त्याला शांती समजलो. जायच्या दिवशी कोट घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तार्मो, तुझ्याबरोबर राहून मला माझा स्वतःचा आवाज विसरायला झालाय रे." मी तेव्हाही "असं का" म्हटलं. आता ती तुर्कूला एका माणसाबरोबर राहते. रिक्का सांगत होती की तो खूप बोलतो, जेवताना, भांडी घासताना, अगदी झोपेतसुद्धा. मेर्याला आवडतं म्हणे. मला हे ऐकून वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, ज्याची त्याची आवड. आज त्या खोलीत, तोंड थांबवायची सोय नसताना, मला वाईट वाटलं. इतकं, की मी मधेच दोन ओळी पुसून परत लिहिल्या, नुसतं पडद्याकडे बघता यावं म्हणून.

"आणि जातानाची वेळ?" व्हेन्लानं विचारलं. तिची पेन्सिल केसांतून हातात आली होती.

"चांगल्या दिवशी. जाळं भरून आलं असेल त्या दिवशी. वाईट दिवशी सोडून जायला माणसाला लाज वाटते."

ओत्सो चावायचा थांबला. "हे कुठं शिकलास तू?"

"बँकेत," मी म्हटलं.

त्यांनी ते चालवून पाहिलं. वेळ भरभर पळवली, म्हणजे आठवड्यांमागून आठवडे डोळ्यांसमोरून गेले. पुढच्या फळीवर खेळाडू म्हणून एक बाहुलं बसवलेलं, मागं कीस्की. तो उशिरा यायला लागला. लय चुकायला लागली, सावरली. मग जाळं मासोळ्यांनी फुगून वर आलं आणि तो उठला, धक्क्यावर पाय टाकला आणि धुक्यात चालता झाला. मागं वळून बघायचं मी त्याला शिकवलं नव्हतं. खोलीत कोणी बोललं नाही. आमच्याकडे ही सगळ्यात मोठी पावती असते.

"छान आहे," शेवटी व्हेन्ला म्हणाली. "भयंकर आहे, पण छान आहे."

तेव्हा मी ते विचारलं. डोक्यात मघापासून तेच चाललं होतं. "सकाळच्या वेळी इतके एकएकटे असतात तळ्यावर. प्रत्येकाजवळ एकेक भरीचा. त्यांनाच दोघादोघांना एका नावेत का नाही बसवत?"

"पूर्वी बसवायचो," व्हेन्ला म्हणाली. तिनं ते लपवलं नाही, हे तिचं मला आवडलं. "माणसं एकमेकांना सोडून जातात, तार्मो. एकाला काम लागतं, एकाला नवा खेळ सापडतो. मागं राहिलेला दोन दिवस येतो, वाट बघतो, आणि मग पुन्हा येतच नाही. भरीचा सोडून जात नाही. त्यामुळे माणूस रमलाय असं दिसलं, की आपण त्याच्यासाठी जोडीदार शोधायचं थांबवतो."

"आणि आता त्यालाच जायला शिकवताय."

"थोडंसं. खरं वाटण्यापुरतं. नंतर परत येईल तो."

"माझा कीस्की," मी म्हटलं.

दोघांनाही कळलं नाही. मला परत म्हणावं लागलं, आणि ह्या वेळी मी सगळं म्हटलं. मुलाखतीत मोठ्यानं विचार करायची सवय लागली होती एव्हाना. मी म्हटलं, मी रोज खेळतो, थोडाफार नाही, रोज. माझ्या भिडूचं नाव कीस्की आहे, दोन वर्षं झाली, आणि मला आज इथं, ह्या खुर्चीत कळलं. माझी मान तापली होती, कानही. पुढ्यातल्या पावाच्या चुऱ्याकडे बघत बोलत होतो. वाटलं, आता दोघं उठतील, कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवेल, आणि तसं झालं तर मी ओरडेन.

"दोन वर्षं?" ओत्सो म्हणाला. त्याचे डोळे चकाकले. "दोन वर्षं कळलं नाही? तुला? इतकी वर्षं ह्याच धंद्यात असून?" आणि त्यानं व्हेन्लाकडे हात केला, आणि व्हेन्लानंही, स्वतःला थांबवायच्या आत, त्याच्या हातावर टाळी दिली. खरोखरच्या आनंदाची. त्यांनी तो गडी बनवला होता, त्यांचं चुकलं काय? मग व्हेन्लानं माझा चेहरा पाहिला आणि तिचा हात हवेतच राहिला. "माफ कर," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "नोकरी तुझी आहे. मला कोणाला विचारायचीही गरज नाही. ह्या माणसांना तुझ्याइतकं ओळखणारा मला दुसरा कुठून मिळणार?"

मिळाली. ज्यासाठी आलो ते मिळालं, आणि मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू? इथं रोज भांड्यात कॉफी उरलीय का ते कोणीतरी विचारणार. पण मी हो म्हणायच्या ऐवजी म्हटलं, "मला एका नावेत बसवा. आत्ता. एखाद्याचा भरीचा काढा आणि मला बसवा त्या जागी."

"असं करता येत नाही," व्हेन्ला म्हणाली.

"चाचणी म्हणून येतं," ओत्सो म्हणाला. मघाच्या टाळीची त्याला लाज वाटत असावी, कारण तो लगेच कामाला लागला. त्यानं शोधून काढलं ते नाव होतं पिह्लाया. बाई की बाप्या, म्हातारं की तरणं, काही कळायला मार्ग नाही. माझ्याइतकंच जुनं गिऱ्हाईक, इथलंच, भिडू पहिल्या दिवसापासून तोच, नाव आहवेन. ह्या क्षणी दोघं मोठ्या बेटाच्या उत्तरेला जाळं ओढत होते. ओत्सोनं एक कळ दाबली, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, आणि मी आहवेनच्या टोपीत, आहवेनच्या फळीवर बसलो होतो. पुढे पिह्लायाची पाठ.

वल्ही मारली थोडी. पिह्लाया चांगलं वल्हवत होता, सावकाश. मी चौकट उघडली. दोघं माझ्या मागं येऊन उभी राहिली, मला त्यांच्या कॉफीचा वास येत होता. काय लिहितात अशा वेळी? मी लिहिलं, "आज हवा बरी आहे." नाव थांबली. पिह्लायाचं वल्हं पाण्यातच राहिलं. चौकट बराच वेळ रिकामी होती.

मग अक्षरं आली. "बोलतोस की तू."

आणि लगेच खाली, "मला वाटायचं तुला मी आवडत नाही. मग वाटलं, नसेल बोलायची सवय. तरी रोज येतोस, तेच पुष्कळ. माझं सांगायचं राहिलंच, गेल्या महिन्यात दवाखान्यात नेलं होतं मला. परत आलो तर तू होतास. फार बरं वाटलं रे."

माझ्या मागं ओत्सोनं श्वास आत घेतला. मी कळांवर बोटं ठेवून बसलो. "तोच आहेस म्हण," व्हेन्ला अगदी हळू म्हणाली. "काय बिघडतं? आता तू बोलशील त्याच्याशी. रोज बोल. मी हरकत घेणार नाही." खरंच काय बिघडणार होतं? एक वाक्य लिहायचं होतं, आणि त्याला मित्र मिळत होता, मलाही. पण मग तो ज्याच्याशी बोलला असता तो मी नव्हतोच. मी पुन्हा भरीचाच. सकाळपासून मी हसलो होतो, नोकरी मिळवली होती, कीस्कीला जायला शिकवलं होतं, आता एवढं मला जमेना. मी लिहिलं, "तो मी नव्हे. इतके दिवस तुझ्याबरोबर होता तो माणूस नव्हता, कंपनीनं बसवलेला होता. मी आत्ता आलो. माझं नाव तार्मो. मी केरावाला राहतो. मलाही आजच कळलं." पाठवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा इतकं सलग बोलल्यासारखा दमलो.

नाव वाऱ्यानं थोडी फिरली. पिह्लायाची पाठ तशीच होती, पाठीवर कसली अक्षरं येत नाहीत. मी लिहिलं, "आपण दोघं बसू. मी रोज येईन." ते वाचलं की नाही कोण जाणे. चौकटीत त्याचं एकच वाक्य आलं.

"मग तो कुठे गेला?"

मी मागं वळून ओत्सोकडे पाहिलं. ओत्सोनं व्हेन्लाकडे पाहिलं. आम्ही पुन्हा पडद्याकडे वळलो तेव्हा पुढची फळी रिकामी होती. गेला होता. जाळं अर्धं पाण्यात, अर्धं नावेत.

"म्हणून नाही सांगत आम्ही," व्हेन्ला म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी ओरडलो नाही.

बराच वेळ मी त्या रिकाम्या फळीकडे बघत बसलो. परत येईल असं वाटत होतं. मग ओत्सो माझ्या अंगावरून पुढे वाकला आणि काही न विचारता त्यानं एक कळ दाबली. फळीवर एक नवा भरीचा येऊन बसला. नाव सरळ झाली.

"सोमवारी ये," व्हेन्ला म्हणाली.

"हो," मी म्हटलं, आणि वल्हवायला लागलो.